वर्गातला स्वतंत्र वाचनाचा वेळ: शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेळापत्रकात ‘वाचन’ लिहिलेली तासिका पुष्कळ शाळांत असते. तिच्यात प्रत्यक्षात काय घडतं हे मात्र वर्गागणिक बदलतं. कुठे मुलं पुस्तकात बुडालेली असतात, कुठे नुसती पानं उलटतात, तर कुठे त्या वेळात शिक्षकांच्या वह्या तपासून होतात. प्राथमिक आणि उच्च प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरोखर सांगण्यासारखं आहे.

स्वतंत्र वाचन म्हणजे मूकवाचनच ना?

नाही. पाठ्यपुस्तकातला एकच उतारा सगळ्या वर्गाने मनात वाचला, तरी ते मूकवाचन होतं. स्वतंत्र वाचनात पुस्तक मुलाने स्वतः निवडलेलं असतं, शेजाऱ्याच्या हातात वेगळं पुस्तक असतं, आणि कुठे रेंगाळायचं, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचायचं, हे वाचणाराच ठरवतो. एखादं लहान मूल या वेळात पुटपुटत वाचत असेल, तर ते मूकवाचन नव्हे, पण स्वतंत्र वाचन नक्कीच आहे.

ही पद्धत आली कुठून?

रोज ठरावीक वेळ सगळ्या वर्गाने शांतपणे आपापलं पुस्तक वाचायचं, ही कल्पना 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचे लायमन हंट यांनी मांडली. 1971 मध्ये रॉबर्ट मॅक्रॅकन यांनी तिचे नियम लिहून काढले. प्रत्येकाने मनात वाचायचं. पुस्तक एकच घ्यायचं, मध्येच बदलायचं नाही. वेळ घड्याळ लावून मोजायची. शिक्षकानेही त्या वेळात स्वतःचं पुस्तक वाचायचं. आणि वाचून झाल्यावर प्रश्न नाहीत, नोंदी नाहीत, अहवाल नाही.

नियम सुटसुटीत होते, म्हणून ते जगभर पसरले. यातले निदान तीन नियम आज मोडावेत असं माझं मत आहे. कोणते आणि का, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

पण अशा वाचनाचा उपयोग होत नाही, असं संशोधनातून सिद्ध झालंय ना?

हा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो अर्धाच खरा आहे. 2000 साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा मोठा अहवाल आला. मुलांना वर्गात स्वतंत्र मूकवाचनाला प्रोत्साहन दिल्याने वाचनाचा ओघ सुधारतो का, हे तपासायला पॅनेलच्या कसोटीवर उतरणारे जेमतेम 14 अभ्यास मिळाले. त्यांवरून ‘सुधारतो’ असं म्हणता येत नाही, एवढाच निष्कर्ष पॅनेलने काढला. ‘वाचन बंद करा’ असं अहवालात कुठेही नव्हतं, पण अनेक ठिकाणी अर्थ तसा घेतला गेला आणि वाचनाचा वेळ वेळापत्रकातून गेला. त्याच अहवालाने एका पद्धतीच्या बाजूने मात्र ठाम पुरावा मांडला होता: मुलाने मोठ्याने वाचायचं, तोच भाग पुन्हा वाचायचा आणि चुकेल तिथे कोणीतरी लगेच सांगायचं.

दुसरी बाजूही पाहायला हवी. 1988 मध्ये रिचर्ड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी पाचवीच्या 155 मुलांना शाळेबाहेरचा वेळ कसा जातो हे रोज लिहून ठेवायला सांगितलं. वाचनातल्या प्रगतीशी सगळ्यांत जवळचा संबंध दिसला तो पुस्तक वाचण्यात घालवलेल्या मिनिटांचा. इथे शंका घ्यायला जागा आहे. वाचल्यामुळे वाचन सुधारलं, की ज्यांना आधीच चांगलं येत होतं तीच मुलं जास्त वाचत होती? कीथ स्टॅनोविच यांनी 1986 मध्येच दाखवून दिलं होतं की या दोन्ही गोष्टी एकमेकींना ढकलत राहतात. ज्याला येतं तो वाचतो, वाचतो म्हणून त्याला आणखी येतं. ज्याला येत नाही तो टाळतो आणि मागे पडत जातो.

प्रत्यक्ष करून पाहिलेल्या प्रयोगांतला मला सगळ्यांत बोलका वाटतो तो फिजीमधला. 1980 च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी तिथल्या ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची सुमारे 250 सचित्र पुस्तकं दिली. या मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती. काही वर्गांत शिक्षक आणि मुलं मिळून पुस्तक वाचत, काही वर्गांत मुलं रोज 20 ते 30 मिनिटं मनात वाचत. दोन्ही प्रकारचे वर्ग नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांच्या पुढे गेले.

आणि 2008 मध्ये रे रॉइट्झेल यांच्या गटाने तिसरीच्या वर्गांत थेट तुलना केली. एकीकडे अहवालाने उचलून धरलेलं, पुन्हापुन्हा मोठ्याने केलेलं वाचन. दुसरीकडे मूकवाचन, पण त्यात शिक्षक पुस्तक निवडायला शिकवत होते, एकेका मुलाशेजारी बसून थोडं वाचून घेत होते, वाचलेल्याबद्दल बोलत होते. निकालात लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. म्हणजे जिथे शिक्षकाने आपलं काम सोडलं नाही, तिथे मूकवाचनही तितकंच कामाचं ठरलं. बाकी सगळी उत्तरं याच एका निष्कर्षाभोवती फिरतात.

माझ्या वर्गातल्या काही मुलांना अजून अक्षरं जोडून वाचता येत नाहीत. त्यांच्या हातात पुस्तक देऊन काय होणार?

काही झालं तर नुकसानच होईल. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचलेलं समजणं म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्य. ज्याला काना-मात्रा आणि जोडाक्षरं अजून अडतात, त्याला वीस मिनिटं पुस्तकासमोर बसवलं तर तो गप्प बसायला शिकतो, वाचायला नाही.

म्हणून पहिली गोष्ट: स्वतंत्र वाचन हे वाचन शिकवण्याच्या बदल्यात कधीही देऊ नका. अक्षरओळख, ध्वनी आणि चिन्हांची जोडी, शब्द फोडून वाचणं, हे रोज वेगळं आणि थेट शिकवावं लागतं.

पण याचा अर्थ त्या मुलांना वाचनाच्या वेळातून वगळायचं असाही नाही. डेव्हिड शेअर यांची 1995 मधली मांडणी इथे उपयोगी पडते. मूल अनोळखी शब्द स्वतः फोडून बरोबर वाचतं, तेव्हा त्या शब्दाचं रूप त्याच्या डोक्यात थोडं बसतं. असं काही वेळा झालं की तो शब्द बघताक्षणी ओळखता येतो. म्हणजे वाचणारा स्वतःच स्वतःचा शिक्षक होतो, फक्त समोरच्या मजकुरातले बहुतेक शब्द त्याच्या आवाक्यातले हवेत. तेव्हा या मुलांना शिकवून झालेल्या अक्षरांवरच बेतलेली छोटी पुस्तकं द्या. वर्गात सगळ्यांनी मिळून वाचलेली गोष्ट पुन्हा वाचू द्या, कारण कथा माहीत असली की लक्ष शब्दांकडे देता येतं. जोडीने वाचू द्या. आणि तासिका सुरू झाली की सगळ्यांत आधी त्यांच्याचजवळ जाऊन बसा.

रोज किती वेळ द्यावा?

वर्ग खरोखर वाचू शकेल तेवढाच. अगदी लहान वर्गात पाच-सात मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत न्या. मोठ्या वर्गात पंधरा-वीस मिनिटं सहज जमतात. आठवड्यातून एक पूर्ण तासिका आणि रोजची दहा मिनिटं यांत निवड करायची असेल, तर मी डोळे झाकून रोजची दहा मिनिटं घेईन. आठ दिवसांनी पुस्तक उघडलं की गोष्टीतली माणसं कोण होती हेच आठवत नाही, आणि कच्च्या वाचकाला सलग चाळीस मिनिटं झेपतही नाहीत.

त्या वेळात शिक्षकाने काय करायचं? मुलांसमोर आदर्श म्हणून स्वतः वाचत बसावं ना?

मोडायच्या नियमांतला पहिला हाच.

शिक्षक वाचताना दिसावा, हे मान्य. पण रोज पंधरा मिनिटं खुर्चीत बसून स्वतःचं पुस्तक वाचणारा शिक्षक बघून अडखळणाऱ्या मुलाला काय कळतं? त्याला दिसतो तो पुस्तकाकडे पाहणारा एक माणूस. वाचताना डोक्यात काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि शिकायचं असतं नेमकं तेच. त्याऐवजी सुरुवातीची दोन मिनिटं मोठ्याने विचार करा: ‘काल मी इथे थांबले होते. हा माणूस खोटं बोलतोय असा मला संशय आहे, म्हणून मागचं पान पुन्हा बघते.’ आदर्श दाखवायचा तर एवढा पुरे.

उरलेला वेळ मुलांचा. पहिली एक-दोन मिनिटं वर्गावर नजर फिरवा. कोण बसलं आहे, कोण अजून कपाटापाशीच घुटमळतंय, कोणाच्या हातात कालच्यापेक्षा वेगळं पुस्तक आहे? मग एकेका मुलाशेजारी बसा. समोर उभं राहून नव्हे, शेजारी, आणि आवाज हळू. एका मुलाला तीन-चार मिनिटं दिली तर रोज तीन मुलं होतात. पट मोठा असेल तर पूर्ण वर्गाची एक फेरी व्हायला काही आठवडे लागतात, आणि त्यात वावगं काही नाही. फक्त फेरी समान ठेवू नका. जे मूल अडतंय त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा जा. जे सुसाट वाचतंय त्याच्याकडे महिन्यातून एकदा गेलात तरी चालेल, पण जा. चांगलं वाचणाऱ्या मुलांकडे कोणी फिरकतच नाही, आणि ती सोप्या पुस्तकांवर वर्षभर तरंगत राहतात.

वह्या तपासणं, हजेरीपट भरणं, पुढच्या तासाचं साहित्य काढणं: ही कामं या वेळात करायची नाहीत. मोह होतो, कारण वर्ग शांत असतो. पण शिक्षक ज्या वेळात दुसरं काम करतो तो वेळ बिनमहत्त्वाचा, हे मुलांना चटकन कळतं.

शेजारी बसल्यावर विचारायचं काय? परीक्षा घेतल्यासारखं वाटतं.

परीक्षेसारखं वाटतं ते ‘लेखकाचं नाव काय?’, ‘तात्पर्य काय?’ अशा प्रश्नांमुळे. खऱ्या संभाषणाची सुरुवात अशी होऊ शकते:

‘कुठवर आलीस?’
‘तो मुलगा जंगलात हरवलाय.’
‘घाबरलाय?’
‘हो. पण सांगत नाहीये तो कोणाला.’
‘मग तुला कसं कळलं?’
‘तो सारखी शिट्टी वाजवतोय.’
‘हे कुठे लिहिलंय? तेवढं वाचून दाखव बरं.’

इथे तीन मिनिटांत बरंच कळलं. मुलीला गोष्ट समजते आहे, न लिहिलेलं तिने ओळखलं आहे, त्याला मजकुरातला आधार आहे, आणि तो आधार वाचून दाखवताना तिचा ओघ कसा आहे, कुठे अडते, अडल्यावर शब्द फोडते की अंदाजाने काहीतरी ठोकून देते, तेही ऐकायला मिळालं. निघताना एकच गोष्ट सांगा. ‘अडलेला शब्द सोडून पुढे गेलीस. आज असा शब्द आला की आधी फोडून बघ.’ तीन सूचना दिल्या तर एकही लक्षात राहत नाही.

नोंदवहीत प्रत्येक मुलाचं एक पान असू द्या. तारीख, पुस्तक, काय ऐकलं, काय सांगितलं, एवढ्या चार गोष्टी. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. मॅक्रॅकन यांचा ‘नोंदी नाहीत’ हा नियम मोडायचा तो असा. नोंद शिक्षकाने ठेवायची आहे, मुलावर लादायची नाही.

पुस्तक मुलाच्या पातळीचं आहे हे कसं ओळखायचं?

जुना ठोकताळा एमेट बेट्स यांचा, 1946 सालचा. शंभरात 99 शब्द बरोबर वाचता आले तर पुस्तक एकट्याने वाचण्याजोगं. 95 च्या आसपास आले तर शिक्षकाच्या मदतीने वाचण्याजोगं. 90 पेक्षा कमी आले तर वैताग आणणारं. शाळांत चालणारा पाच बोटांचा नियम त्याचाच घरगुती अवतार: एक पान वाचायचं, न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या बाजूला ठेवायचं.

हे ठोकताळेच आहेत, कायदा समजू नये. ज्या मुलाला ग्रहताऱ्यांचं वेड आहे ते ‘वैताग आणणारं’ पुस्तकही चिवटपणे वाचून काढतं, कारण विषयाची माहिती त्याच्या गाठीशी असते. याउलट सोपे शब्द असूनही पुस्तक डोक्यावरून जाऊ शकतं, म्हणून फक्त शब्द मोजून भागत नाही. पान वाचल्यावर ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग’ हे विचारायलाच हवं. आणि पुस्तकांवर पातळीचे रंगीत ठिपके लावणार असाल तर ते तुमच्या सोयीसाठी असू द्या. ‘मी हिरव्या ठिपक्याचा आहे’ असं मूल स्वतःबद्दल बोलू लागलं, तर ठिपके काढून टाका.

निवड पूर्णपणे मुलांवर सोडली तर ती कपाटापाशीच अर्धा वेळ घालवतात.

घालवणारच, कारण निवडायला कोणी शिकवलेलं नसतं. मुखपृष्ठ बघणं, मलपृष्ठावरचा मजकूर वाचणं, मधलंच एखादं पान उघडून बघणं, ‘हे मला का हवंय?’ हे मित्राला एका वाक्यात सांगणं, या शिकवायच्या गोष्टी आहेत. एकेका दिवशी एकेक दाखवा. पुस्तक निवडण्याची वेळ आणि वाचण्याची वेळ वेगळी ठेवा. निवड सकाळी वर्ग भरताना किंवा आदल्या दिवशी उरकावी, प्रत्येकाकडे दोन-तीन पुस्तकं आधीच असावीत. मग एक कंटाळवाणं निघालं तर हात लांब करून दुसरं घेता येतं, जागा सोडावी लागत नाही. ‘एकच पुस्तक’ हा तिसरा मोडायचा नियम.

आणखी एक उपाय बिनखर्चाचा आहे. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन पुस्तकांबद्दल मिनिटभर बोला आणि ऐन रंगात आल्यावर थांबा. ती पुस्तकं कपाटात परत जातच नाहीत.

एक मुलगा तेच पुस्तक पुन्हापुन्हा वाचतो. रोखावं का?

लगेच नको. नवशिक्या वाचकाला पुनर्वाचनाने ओघ येतो, आणि आवडतं म्हणून पुन्हा वाचणं तर मोठी माणसंही करतात. फक्त कारण शोधा. नवं पुस्तक उघडायची भीती असेल, तर त्याच प्रकारचं किंवा त्याच पात्रांचं दुसरं पुस्तक शेजारी ठेवा आणि त्याचं पहिलं पान दोघांनी मिळून वाचा.

चित्रकथा, कोडी, विनोद, माहितीची पुस्तकं चालतील का?

चालतील. चित्रकथेत वाचकाला दोन चौकटींमधला घडलेला पण न दाखवलेला भाग स्वतः भरावा लागतो, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कित्येक मुलांना कथेपेक्षा माहिती जास्त आवडते, आणि वर्गातली कपाटं बहुधा कथांनीच भरलेली असतात. ‘याला वाचनाची आवडच नाही’ असं म्हणण्याआधी त्याच्या हातात किडे, यंत्रं किंवा ज्वालामुखी देऊन पाहिले का?

वाचल्याचं सोंग करणारी मुलं कशी ओळखायची? आणि ओळखल्यावर काय करायचं?

पान फार भराभर उलटतं किंवा उलटतच नाही. डोळे ओळींवरून सरकत नाहीत, चित्रांवरून उड्या मारतात. रोज पुस्तक वेगळं असतं आणि संपत एकही नाही. वाचन सुरू झालं की नेमकी तहान लागते. काही मुलं यात इतकी तरबेज होतात की वर्षभर पत्ता लागत नाही. वर्गात शांतता असली म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजणाऱ्या शिक्षकाला ती सहज चकवतात.

ओरडू नका. सोंग हे लक्षण आहे, आणि त्यामागची कारणं अगदी निरनिराळी असतात. कोणाला मजकूर वाचताच येत नाही आणि ते चारचौघांत दिसू नये म्हणून जाडजूड पुस्तक धरलेलं असतं. कोणाला वाचता येतं, पण वाचलेलं डोक्यात राहत नाही, दुसऱ्या पानावर पहिलं विसरतं. कोणाला पुस्तकच नको असतं. कोणाला फळ्यावरचंही नीट दिसत नसतं आणि चष्म्याची गरज असते. हे शेवटचं कारण आपल्या मनात सगळ्यांत उशिरा येतं, ते आधी यायला हवं.

म्हणून शेजारी बसा, एक परिच्छेद वाचून घ्या आणि कारण ठरवा. वाचता येत नसेल तर सोपं पुस्तक द्यावं लागेल, पण ते त्याला कमीपणा वाटणार नाही अशा रीतीने. ‘पहिलीच्या मुलांना तू हे वाचून दाखवायचंस, तयारी कर’ असं सांगितलं की मोठ्या मुलाच्या हातातलं छोटं पुस्तक लाजेचं राहत नाही. वाचलेलं डोक्यात राहत नसेल तर दर दोन पानांनी चिकटवायचा एक कागद लावा. तिथे थांबायचं आणि मनातल्या मनात ‘आत्तापर्यंत काय झालं?’ एवढं म्हणायचं.

पुस्तक अर्धवट सोडू द्यायचं का?

हो. सोडताना का सोडलं ते सांगायचं, एवढीच अट. सलग चार-पाच पुस्तकं सुटली तर निवडीत मदत करायची वेळ आली.

वाचून झाल्यावर सारांश लिहून घ्यावा का?

प्रत्येक पुस्तकाचा घेतला तर मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधू लागतात, आणि ती त्यांची हुशारी म्हणायला हवी. लिहायला लागू नये म्हणून वाचायचंच टाळलं जातं. अजिबातच काही विचारलं नाही, तर मात्र सोंग फोफावतं. मधला मार्ग बोलण्याचा आहे. शेवटची दोन मिनिटं शेजाऱ्याला सांगायची: आज काय घडलं, कुठे हसू आलं, काय पटलं नाही. तिथे ऐकणाराच पुस्तक मागून घेतो, जे कुठल्याही सारांशाने होत नाही. लेखन हवंच असेल तर महिन्यातून एकदा, एखाद्या पात्राला पत्र किंवा पुस्तक न वाचलेल्यासाठी चार ओळींची शिफारस.

जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस दिलं तर?

1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. न सांगता, नंतर अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. वाचनाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येईल असं नाही, पण भिंतीवर ‘कोणी किती पुस्तकं वाचली’ असा तारे लावलेला तक्ता करण्याआधी आठवावा एवढा तो नक्कीच महत्त्वाचा आहे. त्या तक्त्यात सगळ्यांत खाली कोण असतं आणि ते रोज कोणाला दिसतं, याचाही विचार करा. काही द्यायचंच असेल तर पुस्तक द्या, किंवा पुढचं पुस्तक निवडण्याचा मान.

मुलं ओठ हलवत, बोट ठेवून वाचतात. सवय मोडावी का?

लहान वर्गात मुळीच नको. आवाज आधी कुजबुजीत, मग ओठांत, मग मनात जातो. ओघ आला की हे आपोआप सुटतं. बोटामुळे ओळ हरवत नाही. मोठ्या वर्गातलं मूलही असं वाचत असेल तर मजकूर त्याला जड जातोय का, ते तपासा.

वाचनाने शब्दसंग्रह वाढतो म्हणतात. मग नव्या शब्दांचे अर्थ वेगळे शिकवायला नकोत?

वाढतो, पण हळू. स्वॉनबोर्न आणि डी ग्लॉपर यांनी 1999 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की सहज वाचताना समोर आलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण 15 टक्केच शिकले जातात. भरपूर वाचणाऱ्याच्या बाबतीत हे 15 टक्केही वर्षभरात मोठी रक्कम होतात. कमी वाचणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. तेव्हा शब्द शिकवणं थांबवू नका, विशेषतः विज्ञान-भूगोलातले. अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात शोधायला मात्र लावू नका, गोष्ट तुटते.

ज्यांचं काम लवकर संपतं त्यांना पुस्तक वाचायला देतो. एवढं पुरेसं नाही का?

नाही. लवकर काम संपवणारी मुलं कोण असतात? जी आधीच चांगली वाचतात ती. या व्यवस्थेत ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे त्यांच्या वाट्याला वाचन कधी येतच नाही. स्टॅनोविच यांनी सांगितलेली दरी मग आपणच रोज थोडी रुंद करतो. शिक्षा म्हणून वाचनाचा वेळ काढून घेणंही त्याच कारणासाठी टाळा.

वर्गात पुस्तकंच कमी आहेत.

दोन वर्गांच्या पेट्या दर महिन्याला बदलून घ्या. मुलांनी लिहिलेली, चितारलेली पुस्तकं शिवून कपाटात ठेवा. ती आश्चर्य वाटावं इतकी वाचली जातात. ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ ही दोन आहेत. वर्गापुरतं बोलायचं तर दुसरं सूत्र जास्त कामाला येतं. कपाटातलं जे पुस्तक वर्षभर कोणी उघडलेलं नाही ते बाहेर काढा, त्याच्याबद्दल एकदा मिनिटभर बोला, तरीही कोणी घेत नसेल तर दुसऱ्या वर्गाला देऊन टाका. फाटक्या, कंटाळवाण्या पुस्तकांनी भरलेल्या फळीपेक्षा मुखपृष्ठ दिसेल अशी मांडलेली वीस पुस्तकं बरी.

टॅबलेटवर वाचलं तर?

पुस्तकं मिळण्याचा तोच मार्ग असेल तर जरूर. टॅबलेटवर मध्येच झळकणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद असाव्यात, आणि लहान मुलांसाठी जागोजागी हलणारी चित्रं व खेळ असलेली पुस्तकं टाळावीत. बोट चित्रावर जातं आणि मजकूर तसाच राहतो.

याने फरक पडतोय हे मुख्याध्यापकांना आणि पालकांना कसं दाखवू?

वाचलेल्या पुस्तकांचा आकडा दाखवू नका, तो फुगवणं फार सोपं असतं. वर्षातून तीनदा, त्या त्या इयत्तेला शोभेल असा न वाचलेला उतारा प्रत्येक मुलाकडून मिनिटभर मोठ्याने वाचून घ्या. बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि वाचलेल्यावर दोन प्रश्न विचारा. त्याला तुमच्या नोंदवहीतली पानं जोडा. पालकांना आकड्यांपेक्षा आवाज जास्त पटतो, म्हणून शाळेची आणि घरच्यांची परवानगी असेल तर सुरुवातीचं आणि वर्षअखेरीचं वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकवा.

पुस्तकं घरी द्यावीत का? हरवतात, फाटतात.

द्यावीत. काही हरवतील, हे वर्षाच्या सुरुवातीलाच गृहीत धरा. लांब सुट्टीच्या आधी तर नक्की द्या, आणि ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत त्यांना आधी निवडू द्या. नोंद मुलांनाच ठेवू द्या. दर आठवड्याला दोघांवर ही जबाबदारी असली की पुस्तकं बऱ्यापैकी परत येतात. हरवलेल्या पुस्तकाचा दंड करू नका. दंड झालेल्या घरातून मूल पुन्हा पुस्तक नेत नाही. फाटलेली पुस्तकं महिन्यातून एकदा मुलांसोबत बसून चिकटवा. चिकटपट्टी पारदर्शक घ्या, नाहीतर ओळी झाकल्या जातात.